वाक्यसुधारणेत मार्क कुठे जातात? मराठी कानाच्या या चुका टाळा

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी पदवीधरांनी द्यायच्या परीक्षेसाठी, मी मुलांना इंग्रजी शिकवतो. सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या अभ्यासिकांमध्ये दिवसभर बसणारी ही मुलं. बहुतेकांची शाळा मराठी माध्यमाची. गणितात चांगली, बुद्धिमत्तेत त्याहून चांगली. पण 'सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट', म्हणजे दिलेल्या वाक्यातला चुकीचा भाग पर्यायांतून सुधारायचा प्रश्न, आलं की दर बॅचमध्ये त्याच जागी, त्याच चुका. आधीच्या मुलांची वही पुढच्या मुलांना दिली तरी चालेल, इतक्या सारख्या.

माझं मत सरळ सांगतो. या चुका व्याकरण येत नाही म्हणून होत नाहीत. नियम पाठ असतो. पण वाक्य वाचता वाचता मनात त्याचं मराठी होतं, ते मराठी अगदी बरोबर असतं, आणि हात 'नो इम्प्रूव्हमेंट'वर, म्हणजे 'वाक्य आहे तसंच बरोबर' या पर्यायावर, जातो.

आधी मार्कांचा हिशोब. टियर 1 ला, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, 60 मिनिटांत 100 प्रश्न, त्यात इंग्रजीचे 25. प्रश्नाला 2 मार्क, चुकला की अर्धा मार्क कापला जातो. टियर 2 मध्ये इंग्रजीचे 45 प्रश्न, प्रत्येकी 3 मार्क, आणि चुकीला पूर्ण 1 मार्क जातो. म्हणजे तिथे बरोबर आणि चूक यांत 4 मार्कांचं अंतर पडतं. नुसत्या अंदाजाने टिक करणाऱ्यांनी हा आकडा रोज डोळ्यांसमोर ठेवावा.

कानाला बरं वाटलं म्हणून टिक करणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर.

मराठवाड्यातून आलेली एक मुलगी माझ्याकडे होती. कृषी पदवीधर, कमालीची कष्टाळू. नियमांची वही तिला अक्षरशः तोंडपाठ. 'अनटिल'चा नियम विचारा, 'अनलेस'चा विचारा, उदाहरणासकट सांगायची. एका मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, वाक्य आलं: 'अनटिल द रेन डझ नॉट स्टॉप, द मॅच विल नॉट बिगिन.' तिने 'नो इम्प्रूव्हमेंट' टिक केलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "सर, वाचताना काहीच खटकलं नाही."

मी म्हटलं, "अगं, हेच वाक्य आता मराठीत म्हण बघू."

"जोपर्यंत पाऊस थांबत नाही, तोपर्यंत सामना सुरू होणार नाही."

एवढं बोलून ती स्वतःच थांबली. मराठीत 'जोपर्यंत'नंतर 'नाही' येतंच. इंग्रजीत 'अनटिल' आणि 'अनलेस' यांच्या अर्थातच नकार असतो, म्हणून तिथे 'नॉट' पुन्हा घ्यायचा नाही: 'अनटिल द रेन स्टॉप्स'. नियम तिला आधीपासून माहीत होता. पण प्रश्न सोडवताना वही आठवत नाही, कान आधी बोलतो.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्या जुन्या मॉकमधली चुकलेली वाक्यं काढली आणि प्रत्येकापुढे मराठी वाक्य लिहिलं. बहुतेक ठिकाणी मराठी वाक्य निर्दोष आणि इंग्रजी वाक्य त्याची सहीसही नक्कल. त्यानंतर तिने नियमांची वही बाजूला ठेवली आणि दोन रकान्यांची नवी वही केली: डावीकडे मराठी कानाला काय ऐकू आलं, उजवीकडे इंग्रजीला काय हवं. तेव्हापासून मी प्रत्येकाला हीच वही करायला लावतो. पद्धत म्हणून कुठे छापलेली नाही, पण माझ्या मुलांना तिचाच उपयोग झाला आहे.

त्या वहीत नेहमी येणारी वाक्यं अशी. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय' हे मराठीत चालू वर्तमानकाळात बसतं, म्हणून 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' हे कानाला बरोबर लागतं. त्यात दोन चुका आहेत आणि मुलं एकच दुरुस्त करतात. हवं ते असं: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.' आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत कालावधी असेल तर 'फॉर' आणि सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', जसं 'सिन्स 2019'.

'पाऊस येईल तर आपण घरी थांबू' यात दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत अटीच्या भागात 'विल' चालत नाही: 'इफ इट रेन्स, वुई विल स्टे अ‍ॅट होम.' 'व्हेन', 'अनटिल', 'अ‍ॅज सून अ‍ॅज' यांनाही हेच लागू.

'जरी दमला होता तरी कामावर गेला' हे जोडीशिवाय आपल्याला अर्धवट वाटतं, म्हणून 'ऑल्दो'नंतर 'बट' घुसतं. तिथे 'बट' काढा. हवाच असेल तर 'येट' चालतं. आणि आपलं 'पेक्षा' सगळीकडे 'दॅन' होत नाही. 'सीनिअर', 'ज्युनिअर', 'सुपीरिअर', 'इन्फीरिअर' आणि 'प्रिफर' यांच्यापुढे 'टू' येतं. एखाद्या विषयाबद्दल चर्चा करायची, पण 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नाही. कोणाशी लग्न केलं, तरी 'मॅरीड टू'. कोणावर रागावलो, तरी 'अँग्री विथ'.

यांतलं सगळ्यात फसवं वाक्य वेगळंच आहे. 'रस्ता ओलांडताना त्याला ट्रकने उडवलं.' मराठीत यात शंका घेण्याजोगं काही नाही. रस्ता कोण ओलांडत होतं ते सगळ्यांना कळतं. पण 'व्हाइल क्रॉसिंग द रोड, अ ट्रक हिट हिम' या इंग्रजी वाक्यात व्याकरणाने रस्ता ट्रक ओलांडतो. पर्यायांत 'व्हाइल ही वॉज क्रॉसिंग द रोड' शोधा. वाक्य 'आयएनजी'च्या तुकड्याने सुरू झालं की स्वल्पविरामानंतर लगेच येणारा शब्द बघायचा. ती क्रिया त्याचीच आहे का, एवढंच विचारायचं. ही सवय लागायला वेळ लागतो. आठवड्यात इंग्रजी संपवायला निघालेली मुलं इथेच कंटाळतात आणि इथेच अडकतात.

क्रियापद जवळच्या शब्दाशी जुळवणं

'द कंडिशन ऑफ द रोड्स इन द व्हिलेजेस निअर द डॅम हॅव वर्सन्ड.' 'रोड्स', 'व्हिलेजेस' ऐकून 'हॅव' बरोबर वाटतं. कर्ता 'कंडिशन' आहे, म्हणून 'हॅज'. माझी सवय अशी की 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचा सगळा मजकूर बोटाने झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. परीक्षा संगणकावर असते, म्हणून तिथे मनातच झाकावं लागतं. पण सराव करताना बोट वापराच.

मराठी माणसाला इथे आणखी एक सापळा आहे. 'कलेक्टर आपल्या अधिकाऱ्यांसह हजर होते.' आपण आदरार्थी अनेकवचन वापरतो, त्यामुळे 'द कलेक्टर, अ‍ॅलाँग विथ हिज ऑफिसर्स, वेअर प्रेझेंट' हे दोन्ही बाजूंनी पटतं: आदरही झाला आणि माणसंही अनेक. पण इंग्रजी क्रियापद आदर जाणत नाही. 'अ‍ॅलाँग विथ', 'अ‍ॅज वेल अ‍ॅज', 'टुगेदर विथ' यांनी जोडलेली माणसं कर्त्यात धरली जात नाहीत. तिथे 'वॉज' येतं. 'नायदर... नॉर' मध्ये मात्र क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालतं.

'द नंबर ऑफ'ला एकवचन, 'अ नंबर ऑफ'ला अनेकवचन. हे पाठच करा.

'नो इम्प्रूव्हमेंट'ची भीती

कानाने टिक करण्याच्या पहिल्या चुकीच्या बरोबर उलटी चूक, आणि ती क्लासमधून शिकून आलेली असते. एका मुलाला पूर्वीच्या क्लासमध्ये सांगितलं होतं की हा पर्याय फसवायलाच ठेवलेला असतो, त्याला हात लावू नका. त्याने ते इतकं मनावर घेतलं की प्रत्येक वाक्य तो मोडायचाच. 'इट इज हाय टाइम वुई लेफ्ट' या निर्दोष वाक्यातलं 'लेफ्ट' बदलून त्याने 'लीव्ह' केलं. 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग डिस्टन्स टू वॉक' मध्ये 'इज'चं 'आर' केलं. दोन्हीकडे त्याला स्वतःला शंका होती. पण बदल न करता पुढे जाणं त्याला चुकीचं वाटत होतं.

अशा युक्त्या विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सगळ्यात लहान पर्याय बरोबर, 'बीइंग' असलेला पर्याय चूक, असलं काहीतरी टेलिग्रामवरच्या पीडीएफमध्ये फिरत असतं. मुलं ते पाठ करतात आणि वाक्य वाचणं सोडून देतात. वर्षभर घर सोडून राहणाऱ्या, मेसचे पैसे मोजून देणाऱ्या मुलांना असं शिकवू नये.

माझा क्रम ठरलेला आहे: कर्ता आणि क्रियापद, मग काळ, मग 'टू', 'फॉर', 'विथ' असे छोटे शब्द, मग 'ऑल्दो', 'हार्डली', 'नो सूनर' अशा जोड्या. चारही जागा तपासून काही सापडलं नाही, तर 'नो इम्प्रूव्हमेंट' टिक करायचं आणि मागे वळून बघायचं नाही.

बाकीच्या, थोडक्यात

'फर्निचर', 'लगेज', 'इन्फॉर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'सीनरी' यांना 'एस' लावू नका. 'वन ऑफ माय'नंतर नाम अनेकवचनी, पण क्रियापद एकवचनी.

'नो सूनर'बरोबर 'दॅन', 'हार्डली' आणि 'स्कर्सली'बरोबर 'व्हेन'.

'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ', 'कम्प्राइजेस ऑफ' यांतला 'बॅक', 'अप' आणि 'ऑफ' काढा.

जीमॅटचे (एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेचे) जुने व्हिडिओ बघून तयारी करू नका. त्या परीक्षेने नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात वाक्यसुधारणा हा प्रकारच काढून टाकला. शिवाय तिथल्या लांबलचक वाक्यांत अर्थ आणि मांडणी यांची पारख असायची. कमिशनची वाक्यं छोटी असतात आणि बहुधा एकेका नियमावर उभी असतात.

बोलण्यातलं इंग्रजी आणि आन्सर की यांत भांडण लावू नका. 'द रीझन इज बिकॉज' रोज ऐकू येत असेल, पण परीक्षेत 'दॅट'च हवं. 'वन'पासून सुरू झालेल्या वाक्यात पुढे 'हिज' नको, 'वन्स'च हवं.

पर्याय निवडला की तो पूर्ण वाक्यात ठेवून एकदा वाचा. अनेक पर्याय मूळ चूक सुधारतात आणि शेजारी नवी करतात. घाईत असलेली मुलं पहिली सुधारणा दिसताच टिक करतात.

आणि एक मॉक संपला की त्याच दिवशी दुसरा लावू नका. रोज शेकडो प्रश्न सोडवल्याचं सांगणारी मुलं भेटतात. कालचे चुकलेले कोणते, हे विचारलं की त्यांना आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, उत्तरं झाकून, फक्त चुकलेली वाक्यं पुन्हा सोडवा. जे वाक्य पुन्हा चुकेल ते दोन रकान्यांच्या वहीत जाईल, बाकीची सोडून द्या.