व्हेनिसचं छोटं वेदुता घरच्या घरी कसं रंगवायचं

१८व्या शतकात इंग्लंडातल्या बड्या घरची पोरं युरोप फिरायला निघाली की व्हेनिसला हमखास थांबायची आणि जाताना शहराचं एखादं चित्र घेऊन जायची, तेच हे वेदुता. कानालेत्तो (१६९७-१७६८) हा ह्यातला सगळ्यात गाजलेला चित्रकार, आणि त्याचं गिऱ्हाईक मुख्यतः इंग्रजच, त्यामुळे १७४० च्या दशकात युरोपात लढाई पेटून प्रवासी कमी झाले तसा हा गडी १७४६ मध्ये स्वतःच लंडनला जाऊन राहिला. पण सुरुवातीलाच त्याच्या मोठ्या कॅनव्हासच्या नादी लागू नका. व्हेनिसच्याच फ्रान्चेस्को ग्वार्दी ह्या चित्रकाराची छोटी चित्रं बघा, दोन फटकाऱ्यांत माणूस उभा करतो, आपल्याला तेच जमवायचंय.

विषय सान ज्योर्जो माज्जोरे घ्या. सान मार्को ह्या मुख्य चौकासमोर पाण्यापलीकडचं बेट, पाल्लादिओ ह्या वास्तुकाराचं पांढरं चर्च, मागे विटांचा मनोरा, बस्स. इमारती कमी म्हणजे डोकेदुखी कमी. एक गंमत, जुना मनोरा १७७४ मध्ये कोसळला, आत्ताचा नंतर बांधलेला, त्यामुळे फोटोत टोकदार छत दिसतं आणि ग्वार्दीच्या त्याआधीच्या चित्रांत कांद्यासारखा घुमट. दोन्हीतलं एक ठरवा, मिसळ करू नका.

६ बाय ८ इंचाचा एमडीएफचा तुकडा घ्या, जेसोचे (रंगाआधी लावायचा पांढरा अस्तर) दोन हात द्या, वाळला की बर्न्ट सिएना पातळ करून सगळीकडे फासा. पांढऱ्यावर डायरेक्ट रंगवलं तर चित्र थंड दिसतं, हा खालचा तांबूस रंग मधून मधून डोकावला की ऊन पडल्यासारखं वाटतं. क्षितिज खाली ठेवा, उंचीच्या एक तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली, बाकी सगळं आभाळ. इथे सगळे कंजुषी करतात.

इमारतीला पट्टी वापरा, बिनधास्त. कानालेत्तो पण पट्टी आणि कंपास वापरायचा, रेघा चक्क थरात कोरून घ्यायचा. पण फोटो जसाच्या तसा ट्रेस करू नका, कानालेत्तो स्वतः इमारती सरकवायचा, दोन जागांवरून दिसणारं एकाच चित्रात बसवायचा, मग आपल्याला कसली लाज. चर्च थोडं मोठं करा, शेजारच्या घरांची लांबण कापा.

दुपारनंतर ऊन चर्चच्या तोंडावर पडतं, समोरून बघताना ते उजवीकडून येतं. तेव्हा उजेडाची बाजू पांढऱ्यात थेंबभर यलो ऑकर (मातकट पिवळा), सावलीची बाजू निळसर करडी. खिडक्या मोजत बसू नका, एवढ्या साइझला तीन गडद ठिपके पुरतात.

आता गोंडोला. बहुतेकांचं इथे केळं होतं. नाव लांब, बारीक, दोन्ही टोकं वर, पुढच्या टोकाला लोखंडी पातं असतं त्यावर एक पांढरा ठिपका द्या. नावाडी मागे उभा असतो, बसलेला नाही, आणि वल्हं एकच, उजव्या बाजूला. ट्यूबमधला काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळा, तो काळा जिवंत दिसतो. माणसाला डोकं म्हणून एक टिंब, अंगरख्याचा लाल किंवा पिवळा फटका, खांद्यावर उजेडाचा कण, झालं. चेहरा काढायला गेलात की गेलंच.

पाणी सगळ्यात शेवटी, पातळ हिरवट करडा रंग आडवा ओढायचा, चर्चचं पांढरं थोडं खाली उतरवायचं पण तुटक तुटक, आरशासारखं नको कारण तिथे सतत बोटी चालतात. मग अगदी थोड्या बारीक लाटा. हात आवरता येत नसेल तर ब्रश खाली ठेवा आणि चहा टाका.

ॲक्रिलिक असेल तर दुसऱ्या दिवशी मॅट वार्निश मारा. ग्लॉस नकोच, एवढ्याशा चित्रात मग व्हेनिसऐवजी घरातली ट्यूबलाइटच दिसते.