नवतप्याआधी ओलावामापकाची तयारी

आमच्या संत्र्याच्या वावरातला घरीच जुळवलेला ओलावामापक सकाळी बरोबर ओल दाखवायचा आणि दुपारी दोनला त्याच मातीत कोरड. बाबांनी दोनदा उगाच मोटर लावली. माती तीच होती. उतरत होता तो मातीत खोचलेल्या सळयांना जाणारा १ किलोहर्ट्झचा सिग्नल. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या आत हे उरकून घ्या.

आधी डबा उघडा. हा सिग्नल बनवणाऱ्या वीन ब्रिज ऑसिलेटरचं ॲम्प्लिट्यूड (लाटेची उंची) नुसत्या दोन डायोडांवर बांधलेलं असेल तर पुढं शोधायची गरज नाही. सिलिकॉन डायोडचा ड्रॉप (त्यावर पडणारं व्होल्टेज) दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट उतरतो. पहाटे २५ अंश, उन्हात डब्याच्या आत ६०. म्हणजे ६०० मिलिव्होल्टमधले ७० गेले, आणि आउटपुटही जवळपास त्याच प्रमाणात.

तिथं जेफेट (व्होल्टेजनं रेझिस्टन्स बदलता येणारा ट्रान्झिस्टर) बसवायचा आहे. तो गेन ठरवणाऱ्या रेझिस्टरच्या जमिनीकडच्या टोकाला लावा, त्याच्या ड्रेन पायावर शंभर-दोनशे मिलिव्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, आणि गेट पायाला ४७० के (किलोओहम) चे दोन सारखे रेझिस्टर द्या, एक ड्रेनकडून, एक कंट्रोल व्होल्टेजकडून. नाहीतर साइन वेव्ह चेपते. जेफेटही तापला की बदलतो, पण लूप (आउटपुट मोजून जेफेटला आवरणारी साखळी) ते सावरून घेतो. लूपला न सावरता येणाऱ्या दोनच गोष्टी: आउटपुट मोजणारा रेक्टिफायर आणि ज्याच्याशी ते ताडायचं तो स्थिर व्होल्टेज, म्हणजे रेफरन्स. म्हणून रेक्टिफायर ऑप-ॲम्पच्या (ॲम्प्लिफायर आयसीच्या) फीडबॅकमध्ये घ्या आणि रेफरन्सला टीएल४३१ ही स्थिर व्होल्टेजची आयसी आणा. इथं साधा डायोड ठेवला तर रोग फक्त जागा बदलतो.

कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे, रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्म. चकतीवाले सिरॅमिक ड्रॉवरमध्येच राहू द्या. लूपमधल्या इंटिग्रेटरचा (फरक साठवत कंट्रोल व्होल्टेज बनवणाऱ्या भागाचा) कपॅसिटर मात्र दोन-तीन किमतींचे आणा: लहान पडला तर वेव्ह बिघडते, मोठा झाला तर ॲम्प्लिट्यूड बराच वेळ झोके खातं.

तपासताना सळया काढून जागी १ के चा रेझिस्टर लावा, म्हणजे मातीवर संशय नको. स्वस्त मल्टिमीटरची एसी रेंज बहुधा ४०० हर्ट्झपर्यंतच खरी असते, तेव्हा लाट पडद्यावर दाखवणारा स्कोप (ऑसिलोस्कोप) मागून आणा. पहिलं रीडिंग पहाटे पाचला घ्या. दुसरं दुपारी, डबा टिनावर तापत ठेवून, आत थर्मामीटर घालून. स्कोप आणि तुम्ही कूलरसमोर. यंत्र तापवायचंय, माणूस नाही.