नोव्हेंबरात तळ्यावर पक्षी बघायला जाताय? मग या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपत आला की पुण्यात पाषाण तलावावर नव्या कोऱ्या दुर्बिणी दिसू लागतात. त्यातच ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह येतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा. गर्दीचं मला वावडं नाही. पण दरवर्षी तेच तेच बघून आता जीभ आवरत नाही.

माझ्या सर्वांत डोक्यात जाणारी चूक म्हणजे बदक दिसलं की त्याच्याकडे चालत सुटणं.

तीन वर्षांपूर्वी सप्ताहातल्या रविवारी आमच्याबरोबर एक नवा मुलगा होता. लेन्स हातभर, अनुभव दीड महिन्याचा. काठापासून थोड्या अंतरावर सात-आठ तपकिरी बदकं चरत होती. त्यानं फोटो काढला, मोबाइलमधल्या ॲपला दाखवला आणि ओरडलाच, "काका, बैकल टील!" हे सायबेरियातलं बदक. हिवाळ्याला ते मुख्यतः कोरियाकडे उतरतं, आपल्याकडे दिसणं म्हणजे लॉटरी. "अरे, बस जरा," असं मी म्हणेपर्यंत गडी वाकून घाणेरीतून पाण्याकडे निघालासुद्धा. मागोमाग आणखी चौघं.

बदकं एकदम उडत नाहीत, आधी नोटीस देतात. चरणं थांबतं. माना ताठ होतात. मग काही झालंच नाही अशा थाटात सगळी हळूहळू आत सरकू लागतात. इथं थांबलात तर डाव वाचतो. आमचे वीर कसले थांबतायत! टिटवीनं बोंब ठोकली, बदकं उठली, कपाळाला पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी पाण्यावर पाय आपटत पळाले आणि दोन मिनिटांत समोर फक्त जलपर्णी उरली.

टपरीवर चहा घेताना फोटो मोठा करून पाहिला. चोचीच्या मुळाशी पांढुरका ठिपका, एवढ्याच भांडवलावर बैकल टील! तसा फिकट डाग भुवई बदकाच्या मादीलाही असतो. मंडळी घरी गेली. मी परत येऊन त्याच बाभळीखाली सतरंजी टाकली. पाऊण तासानं बदकं एकेक करून परतली. त्यातल्या एकानं आळस दिल्यासारखा पंख लांब ताणला आणि पंखाच्या वरच्या भागावर फिकट निळसर राखाडी पट्टा स्वच्छ दिसला. भुवई बदकच. आणि मादी नव्हे, नर.

इथंच दुसरी चूक येते: रंगावरून नाव ठेवणं. विणीचा हंगाम संपला की नर बदकांचा भरजरी पिसारा गळतो. उडण्याची पिसंही एकदमच झडतात, काही आठवडे उडताच येत नाही, म्हणून तेवढ्या काळात मादीसारखा मातकट वेश अंगावर असलेला बरा. हा वेश घेऊनच ती आपल्याकडे उतरतात. थापट्या आणि तलवार बदक हिवाळा चढता चढता नटतात. भुवई बदक मात्र आळशी, त्याची ती पांढरी भुवई उगवेपर्यंत जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. मी स्वतः एका नोव्हेंबरात वहीत 'भुवई, मादी २२, नर ०' असं ठळक लिहून ठेवलं होतं आणि नर कुठं गेले यावर चांगलं पानभर चिंतनही केलं होतं. ते पान अजून जपून ठेवलंय.

म्हणून मी आधी चोच बघतो, मग डोक्याचा आकार, मग पाण्यावरची बैठक, आणि रंग सर्वांत शेवटी. थापट्याची फावड्यासारखी चोच कुठल्याही वेशात लपत नाही. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके असतात, ते बारा महिने तसेच. ॲपबद्दल विचाराल तर ते मीही वापरतो. पण आधी वहीत माझा अंदाज लिहितो, मग त्याला विचारतो. उलटं केलंत तर दहा वर्षांनीही तुम्हाला ॲपच लागेल.

दुर्बीण डोळ्याला लावून पक्षी हुडकत बसू नका. नजर पक्ष्यावर खिळवा आणि मान न हलवता दुर्बीण वर आणा. आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, पुरते. वीस पटींची घेणाऱ्यांना हात थरथरल्यामुळे आठ पटींइतकंही दिसत नाही, पण दुकानदाराला हे कोण सांगणार? चष्मा असेल तर डोळ्यांजवळची रबरी वाटी खाली करा.

पाचला उठून अंधारात येण्याचा पराक्रम नको. नोव्हेंबराच्या मध्यात पुण्यात सूर्य साडेसहानंतर उगवतो, वर पाण्यावर धुकं. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात.

पांढरा शर्ट घरी. पाव टाकणं बंद. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणाऱ्याशी मी बोलत नाही.

सगळ्यांनी पाण्याकडेच टक लावायची हीही एक खोड. पाठीमागच्या गवतात गप्पीदास येऊन बसलेला असतो, चिखलात धोबी शेपटी हलवत असतो आणि आमची मंडळी तळ्याच्या मध्यावरच्या पाणकावळ्याचे साठ फोटो काढत असतात.

आणि दिवाळीच्या सुट्टीत भिगवणला जाऊन "फ्लेमिंगो कुठंयत?" म्हणून नावाड्यावर चिडणारे. रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी घालून चरतो. पाऊस चांगला झाला असेल तर नोव्हेंबरात भिगवणजवळचा उजनी धरणाचा फुगवटा काठोकाठ असतो. मग त्यानं उभं कुठं राहायचं? पाणी ओसरून गाळ उघडा पडू लागला की त्यांचे थवे वाढतात, बहुतेक जानेवारीनंतर. मी निघण्याआधी ओळखीच्या नावाड्याला फोन करतो. पक्षी आलेत का, असं मात्र विचारत नाही, कारण त्याचं उत्तर कायम 'या की साहेब' असंच असतं. विचारतो ते एवढंच: "दादा, पाणी किती मागं सरलंय?"