पीटीएसडीमुळे नोकरी टिकत नसल्यास अमेरिकी माजी सैनिकाने दावा कसा करावा

अमेरिकेतील माजी सैनिकांचा कारभार पाहणारा विभाग, म्हणजे व्हीए, पीटीएसडीची (भयंकर अनुभवांनंतर मागे राहणाऱ्या मानसिक विकाराची) तीव्रता टक्क्यांत ठरवतो. ७० टक्के मिळाले, पण नोकरी टिकतच नाही, अशा सैनिकाला टीडीआययू या तरतुदीखाली १०० टक्क्यांच्या दराने भरपाई मिळू शकते. त्यासाठी सेवेमुळे जडलेला एकच विकार किमान ६० टक्के, किंवा अनेक विकार मिळून ७० टक्के व त्यांतला एक तरी ४० टक्के असावा लागतो. वयाचा विचार होत नाही.

आधी दावा करण्याचा इरादा व्हीएला कळवावा. त्यानंतर एका वर्षाच्या आत पूर्ण अर्ज दिल्यास थकबाकी सहसा त्या पहिल्या तारखेपासून धरली जाते. मुख्य अर्ज २१-८९४० क्रमांकाचा. त्यात शेवटच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या मागितल्या असून आजारपणात बुडालेल्या वेळेसाठी एक रकाना आहे, आणि माझ्या मते बहुतेकांचे दुर्लक्ष नेमके तिथेच होते. ‘झोप लागत नाही, चिडचिड होते’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ‘गोदामाचे पत्र्याचे दार आदळले की हात थरथरत, महिन्यातून चार-पाच वेळा पाळी अर्धवट सोडून घरी यावे लागे, मुकादमाच्या अंगावर धावून गेल्याने दोनदा लेखी ताकीद मिळाली’ असे लिहिले, तर निदान आणि बेकारी यांतला दुवा कागदावर दिसतो. हेच पती-पत्नीने किंवा जुन्या सहकाऱ्याने २१-१०२१० क्रमांकाच्या अर्जावर आपल्या शब्दांत लिहून द्यावे.

व्हीएच्या वैद्यकीय तपासणीत, लष्करातल्या सवयीने, ‘ठीक आहे’ म्हणू नये. वाईट दिवस कसा जातो तेही सांगावे. थोडेफार काम चालू असल्यानेच दावा बाद होत नाही, कारण दारिद्र्यरेषेखालील कमाई किंवा मालकाने खास सवलती देऊन सांभाळून घेतलेली नोकरी खरा रोजगार मानली जात नाही.

सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकी सरकारची सामाजिक सुरक्षा योजना, हिचे अपंगत्व लाभ स्वतंत्र असून दोन्ही एकाच वेळी घेता येतात. मात्र तिथे काम करण्याची असमर्थता किमान १२ महिने टिकणारी असावी लागते.

दावा नामंजूर झाल्यास एका वर्षाच्या आत नवा पुरावा जोडून पूरक दावा करावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी मागावी किंवा अपील मंडळाकडे जावे. व्हीएची मान्यता असलेल्या माजी सैनिक संघटनांचे प्रतिनिधी यात विनाशुल्क मदत करतात; पहिल्याच दाव्यासाठी कोणी शुल्क मागितले, तर ते बेकायदा आहे.