ताऱ्याचा वर्णपट कसा वाचायचा?

ताऱ्याचा प्रकाश फाकवला की रंगांचा पट्टा मिळतो. वाचायला मात्र त्याचा आलेख सोयीचा: आडव्या अक्षावर तरंगलांबी, उभ्या अक्षावर तीव्रता. असे लाखो आलेख स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-सर्वेक्षण प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यात तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये असते. दहाने भागा, नॅनोमीटर मिळतील.

१. आधी एकूण आकार बघा. बारीक खाचांकडे तूर्त लक्ष नको. आलेखाचं शिखर निळ्याकडे असेल तर तारा जास्त तापलेला, तांबड्याकडे असेल तर तुलनेने थंड. २९ लाखांना शिखराच्या नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की पृष्ठभागाचं तापमान केल्विनमध्ये अंदाजे मिळतं. सूर्याचं शिखर ५०० च्या आसपास, म्हणजे ५,८००. वाटेतली धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, त्यामुळे हा आकडा कच्चाच धरायचा.

२. मग खाचा ओळखा. ताऱ्याच्या वातावरणातला प्रत्येक घटक ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, तिथे आलेख खाली उतरतो, तीच खाच. हायड्रोजनच्या ६५६.३, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२ नॅनोमीटरवर. सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ ला, कॅल्शियमची ३९३.४ आणि ३९६.८ ला. ६८७ आणि ७६० जवळ काही दिसलं तर सोडून द्या, तो बहुधा आपल्याच हवेतला ऑक्सिजन असतो.

३. खाचेच्या खोलीवरून लगेच घटकाचं प्रमाण ठरवू नका. बहुतेक जण इथेच फसतात. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या खाचा हायड्रोजनपेक्षा खोल आहेत, पण तिथे हायड्रोजनच्या लाखो अणूंमागे कॅल्शियमचा एखादाच अणू असतो. सूर्याच्या तापमानाला हायड्रोजनचे फारच थोडे अणू दृश्य प्रकाश शोषण्याच्या स्थितीत असतात. अभिजित तारा सुमारे ९,६०० केल्विनचा, म्हणून त्याच्यात हायड्रोजनच्या खाचा ठसठशीत. मृग नक्षत्रातला काक्षी तारा ३,५०० च्या घरातला, तिथे टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे. तापमान आणि आयनीभवनाचं (अणूने इलेक्ट्रॉन गमावण्याचं) हे गणित भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलं. ते वापरून खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचेच आहेत. तेव्हा आधी तापमान, मगच घटक.

४. खाच सरकली आहे का ते मोजा. ६५६.३ ची खाच ६५६.५ वर सापडली तर तारा सेकंदाला सुमारे ९० किलोमीटर वेगाने दूर जातोय. निळ्याकडे सरकली असेल तर जवळ येतोय. पण वर दिलेले आकडे हवेतले आहेत. स्लोनचे आलेख निर्वातातली तरंगलांबी देतात आणि तिथे हीच खाच मुळात ६५६.४६ वर असते. हे लक्षात घेतलं नाही, तर जागच्या जागी असलेला ताराही सेकंदाला ७०-८० किलोमीटर वेगाने पळताना दिसेल!

५. शेवटी रुंदी. राक्षसी, म्हणजे फुगलेल्या ताऱ्यांचं वातावरण विरळ, म्हणून रेषा (म्हणजे याच खाचा) बारीक. श्वेतबटूवर (विझत चाललेल्या ताऱ्याच्या लहान, घट्ट गाभ्यावर) दाब प्रचंड, म्हणून त्या पसरट. सगळ्याच रेषा सारख्याच पसरट असतील तर बहुधा तारा जोरात फिरतोय. श्रवण ताऱ्याचं विषुववृत्त सेकंदाला २०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतं, सूर्याचं जेमतेम दोन.