व्हीआर गेमवरच्या अ‍ॅनिमे मालिका: कुठून सुरू करायच्या, कोणत्या क्रमाने बघायच्या

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीतल्या ऑनलाइन गेममध्ये घडणारी मालिका निवडताना चित्रं, मारामारी, लोकप्रियता हे सगळं नंतर बघा. आधी लॉगआउट तपासा. गेममधून बाहेर पडता येतं का? येत नसेल तर का? आणि आत मेलं की बाहेर काय होतं? या तीन उत्तरांवर मालिकेचा सगळा स्वभाव ठरतो. ती उत्तरं न बघता सुरुवात केली की थरार शोधणाऱ्याच्या हाती हलकीफुलकी मालिका लागते आणि दमून घरी आलेला माणूस मृत्यूच्या खेळात जाऊन पडतो. मग दोघंही दुसऱ्या भागाला सोडून देतात.

'सोर्ड आर्ट ऑनलाइन'मध्ये मेनूतलं लॉगआउटचं बटणच काढून टाकलेलं आहे. 10,000 खेळाडू आत अडकलेत, आणि गेममध्ये मेलात तर डोक्यावरचा नर्व्हगिअर नावाचा हेडसेट मेंदू जाळून टाकतो. बाहेर पडायचं तर शंभर मजले जिंकायचे. 2002 सालच्या 'डॉट हॅक साइन'मध्ये बाकीचे सगळे ये-जा करतात, फक्त त्सुकासाला बाहेर पडता येत नाही. म्हणून ती मालिका लढाईची राहत नाही, एकटेपणाची होते. 'बोफुरी' आणि 'शांग्री-ला फ्रंटियर'मध्ये कोणीच अडकलेलं नाही. हरलं तर पुन्हा खेळायचं, कंटाळा आला तर हेडसेट काढून ठेवायचा. त्यांची मजा गेम समजून घेण्यात आहे.

दोन नावं या यादीत नेहमी दिसतात, पण ती थोडी वेगळी आहेत. 'ओव्हरलॉर्ड'मध्ये व्हीआर गेम आहे तो पहिल्या भागाच्या सुरुवातीपुरता. सर्व्हर बंद होण्याच्या रात्री नायक आत थांबतो आणि त्यानंतरची गोष्ट दुसऱ्याच जगात घडते. 'लॉग होरायझन'मधला एल्डर टेल तर मुळात कीबोर्ड-स्क्रीनचा गेम. खेळाडू अचानक त्या जगात सदेह जाऊन पोचतात. दोन्ही बघण्यासारख्या आहेत, पण हेडसेट चढवणं-उतरवणं आणि आतलं-बाहेरचं आयुष्य यांची ओढाताण हवी असेल, तर सुरुवात त्यांच्यापासून नको.

पहिली मालिका

ज्याने कधी ऑनलाइन गेम खेळलेलाच नाही त्याने 'बोफुरी'चे पहिले तीन भाग बघावेत. मेपल नावाची मुलगी आपले सगळे पॉइंट फक्त संरक्षणात घालते, वेगाला शून्य. तिला पळता येत नाही, पण तिला काही लागतही नाही. या एका गमतीतून पॉइंट कुठे घालायचे, स्किल कशी मिळते, गिल्ड म्हणजे काय हे आपोआप कळतं. तिच्या स्किल फारच जड व्हायला लागल्यावर गेम बनवणारे नियम बदलून त्यांची धार कमी करतात, तो भाग तर खऱ्या ऑनलाइन गेममधूनच उचललेला वाटतो. 2020 आणि 2023 असे दोन सीझन, प्रत्येकी 12 भाग.

बीजीएमआय (फोनवरचा बंदुकांचा ऑनलाइन गेम) खेळणाऱ्या मुलामुलींना मात्र 'सोर्ड आर्ट ऑनलाइन ऑल्टरनेटिव्ह: गन गेल ऑनलाइन' लावून द्या. 2018 चा पहिला सीझन 12 भागांचा आहे आणि मूळ मालिका न बघताही समजतो. त्यातल्या स्क्वॉड जॅम स्पर्धेत दर 10 मिनिटांनी उपग्रहाचा स्कॅन होतो आणि प्रत्येक टीमच्या लीडरची जागा नकाशावर दिसते. कधी लपायचं, कधी धावायचं, लीडर कोणाला करायचं, हे सगळं त्या एका नियमाभोवती फिरतं, आणि गेम खेळणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

आधीपासून गेममध्ये मुरलेल्यांसाठी 'शांग्री-ला फ्रंटियर'. नायक सनराकू आयुष्यभर बग असलेले, फसलेले गेम खेळत आलेला. त्यामुळे शत्रूचा वार कसा येतो, कुठे अर्धा सेकंद मोकळा मिळतो, हे तो पटकन ओळखतो. दोन सीझन, 25-25 भाग. लढाया लांब आहेत, त्या मध्येच तोडू नका.

चार शब्द पाठ असले की पुढचं सोपं जातं. टँक म्हणजे शत्रूचे वार अंगावर घेणारा. अ‍ॅग्रो म्हणजे शत्रूचं लक्ष कोणावर आहे ते. कूलडाऊन म्हणजे स्किल पुन्हा वापरता येईपर्यंतची थांबायची वेळ. रेड म्हणजे अनेक पार्ट्यांनी, म्हणजे खेळाडूंच्या छोट्या गटांनी, मिळून एका बॉसवर, म्हणजे तगड्या मुख्य शत्रूवर, केलेली चढाई.

सोर्ड आर्ट ऑनलाइनचा क्रम

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ. मुख्य मालिका चार टप्प्यांत आहे: 2012 चे 25 भाग, 2014 चे 24, 2018-19 च्या 'अ‍ॅलिसायझेशन'चे 24, आणि 2019-20 च्या 'वॉर ऑफ अंडरवर्ल्ड'चे 12 अधिक 11. एकूण 96.

पहिल्या सीझनचे 1 ते 14 भाग म्हणजे आइनक्रॅड, त्या शंभर मजल्यांची गोष्ट. इथे बहुतेकांची तक्रार एकच असते: गोष्ट सलग का नाही? एका भागात पहिला मजला, दोन भागांत एकदम वर्षभर पुढे. याचं कारण कादंबऱ्यांत आहे. रेकी कावाहारा यांच्या पहिल्या पुस्तकात शेवटच्या टप्प्याची गोष्ट आहे, आणि मधल्या काळातल्या सुट्या कथा बहुतेक दुसऱ्या पुस्तकात आल्या. अ‍ॅनिमेने त्या सगळ्या तारखेप्रमाणे ओळीने लावल्या. म्हणून 3 ते 7 हे भाग सुट्या कथा आहेत असं धरूनच बघा. पुढची कडी शोधत बसाल तर विनाकारण वैतागाल.

तोडायचं कुठे? 1-2 एकत्र, 3-4 एकत्र. 5 आणि 6 मिळून एकच खुनाचं रहस्य आहे, ते एकाच दिवशी संपवा. 7 एकटा चालतो. 8 ते 10 सलग, 11-12 म्हणजे युई नावाच्या लहान मुलीची गोष्ट, आणि 13-14 कोणत्याही परिस्थितीत एका बैठकीत.

15 ते 25 म्हणजे फेअरी डान्स, पुढची गोष्ट. अनेकजण हे सोडून द्या म्हणतात. ते बरोबर नाही. आइनक्रॅडच्या तुलनेत ते कमकुवत आहे हे खरं, पण पुढच्या सगळ्या गेम-जगांची सोय 25 व्या भागात होते आणि लीफा हे पात्र इथेच येतं. 24 व्या भागात मात्र लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे. घरात लहान मुलं असतील तर तो भाग त्यांच्यासमोर लावू नका. 'अ‍ॅलिसायझेशन'च्या 10 व्या भागालाही हीच सूचना.

दुसऱ्या सीझनमध्ये तीन गोष्टी आहेत. 1 ते 14 फँटम बुलेट, बंदुकांच्या गन गेल ऑनलाइनमध्ये घडणारी. पहिले काही भाग बोलण्यातच जातात. थांबा, स्पर्धा सुरू झाली की गती येते. 15 ते 17 कॅलिबर, हलकी मोहीम, वेळ नसेल तर वगळलीत तरी चालेल. 18 ते 24 मदर्स रोझारिओ. युकी नावाच्या मुलीची ही गोष्ट पूर्ण मालिकेतला सर्वात उत्तम भाग आहे. व्हीआर हे पळून जायचं ठिकाण नसून एखाद्यासाठी जगायची एकमेव जागा असू शकते, हे इतक्या थेटपणे या प्रकारातल्या दुसऱ्या कुठल्या मालिकेने दाखवलेलं नाही. गंभीर आजाराचा विषय आहे, हे मनात ठेवून बसा.

त्यानंतर 2017 चा 'ऑर्डिनल स्केल' चित्रपट, आणि मगच अ‍ॅलिसायझेशन. चित्रपटात मुख्यतः व्हीआर नाही, खऱ्या रस्त्यावर चित्रं दिसणारं ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी आहे, पण त्यातली सल आइनक्रॅडची आहे. म्हणून तो आधी बघून उपयोग नाही. 'प्रोग्रेसिव्ह'चे दोन चित्रपट 2021 आणि 2022 चे. ते सुरुवातीचे मजले नायिका असुनाच्या नजरेतून पुन्हा सांगतात. पहिले 14 भाग झाल्यावर कधीही चालतील. 'एक्स्ट्रा एडिशन' आणि दुसऱ्या सीझनचा 14.5 क्रमांकाचा भाग हे मुख्यतः उजळणीचे, सोडा.

अ‍ॅपमध्ये वॉर ऑफ अंडरवर्ल्डचे दोन तुकडे कधी एका सीझनमध्ये तर कधी वेगवेगळे दिसतात. शंका आली तर भागाच्या क्रमांकावर न जाता प्रसारणाचं वर्ष बघा.

लोकलमधलं गणित

एक भाग साधारण 24 मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी दीड मिनिट. दोन्ही ओलांडली की 21 मिनिटं उरतात. ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बरने अर्धा तास लागतो, म्हणजे एका फेरीत एक भाग आरामात बसतो. पनवेलपर्यंत जाणाऱ्याला दोन मिळतात. जाता-येता एकेक धरला तर आइनक्रॅड सात कामाच्या दिवसांत आणि पूर्ण मुख्य मालिका 48 दिवसांत होते. अपवाद अ‍ॅलिसायझेशनच्या पहिल्या भागाचा: तो जवळजवळ दुप्पट लांबीचा आहे, रविवारी घरीच बघा. शेवटचं गाणं ओलांडताना पुढे अर्ध्या मिनिटाचा प्रसंग शिल्लक नाही ना, तेही पाहून घ्या.

प्रवासात स्ट्रीमिंगच्या भरवशावर राहू नका. गर्दीच्या वेळी नेटवर्क गळतं, आणि नेमका लढाईतच चक्र फिरत बसतं. रात्री घरच्या वाय-फायवर डाऊनलोड करून ठेवा. 1.5 एमबीपीएसच्या दर्जाला एक भाग सुमारे 270 एमबी होतो. आठवड्याच्या दहा भागांना 2.7 जीबी मोकळी जागा लागते. काही अ‍ॅपच्या स्वस्त प्लॅनमध्ये डाऊनलोड मिळत नाही, पैसे भरण्याआधी तेवढं वाचा. डाऊनलोडला मुदतही असते, त्यामुळे महिनाभराचा साठा एकदम करून फायदा नाही.

या मालिकांची खास अडचण म्हणजे पडद्यावरचा मजकूर. एचपीच्या (किती जीव उरलाय ते दाखवणाऱ्या) पट्ट्या, स्किलचे संदेश, वस्तूंची नावं, सगळं जपानी अक्षरांत येतं आणि बऱ्याचदा गोष्टीचा दुवा तिथेच असतो. डब लावलात आणि सबटायटल पूर्ण बंद केलीत तर तो जातो. फक्त फलकांची आणि गाण्यांची सबटायटल देणारा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर मूळ जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल हीच जोडी धरा. फोन आडवा, अक्षरं एक पायरी मोठी, ब्राइटनेस हाताने वाढवलेला. गुहेतले आणि रात्रीचे प्रसंग खूप काळे आहेत.

सकाळी साडेआठला ठाण्याहून उभ्याने जाताना सबटायटल वाचत 'लॉग होरायझन' बघायचा हट्ट नको, अर्धं निसटतं. त्या वेळेला 'बोफुरी' ठेवा, आणि बसायला मिळणाऱ्या फेरीला जड मालिका. एक कान मोकळा असू द्या: तुर्भ्यानंतर काही गाड्या सानपाडा-वाशीला जातात, काही जुईनगर-नेरुळकडे. दारात उभं राहून तर अजिबात बघू नये.

घरी चार जण मिळून

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर असतो म्हणून तिथे लावायचा मोह होतो. पण आपलं सबस्क्रिप्शन घरगुती वापरासाठी असतं, सार्वजनिक प्रदर्शनासाठी नाही. घोडबंदरला असो की खारघरला, कोणाच्या तरी हॉलमध्ये पाच-सहा जण बसा. तीन भागांच्या पुढे जाऊ नका. चौथ्याला गप्पा सुरू होतात आणि नियम समजावणारे संवाद हुकतात. ज्याने आधी बघितलंय त्याने फक्त शब्दांचे अर्थ सांगायचे, पुढची गोष्ट नाही. आणि पात्रांची नावं शोधायला कोणी फोनवर विकी उघडू नये. आइनक्रॅडचा सर्वात मोठा धक्का तिथे पहिल्या दोन ओळींतच लिहिलेला असतो.

अशा गटासाठी 'लॉग होरायझन' सगळ्यात चांगली, कारण तिच्यात वाद घालण्याजोगं खूप आहे. मेनूतून बनवलेलं अन्न दिसतं छान, पण त्याला चवच नसते. चव हवी तर स्वयंपाकाचं कौशल्य असलेल्याने स्वतः हाताने शिजवावं लागतं. एवढ्या एका नियमातून बर्गरचा धंदा, त्यातून भांडवल, त्यातून अकिहाबारा शहराचं राज्यकारभाराचं मंडळ उभं राहतं. पहिले पाच भाग सुटकेच्या मोहिमेत जातात. खरी मालिका त्यानंतर सुरू होते, तोवर निकाल देऊ नका. दुसऱ्या सीझनला स्टुडिओ बदलला, चेहरे थोडे वेगळे वाटतात, चुकीचा भाग लागलेला नाही. 25, 25 आणि 2021 चे 12, असे 62 भाग.

'डॉट हॅक साइन' मात्र एकट्याने, रात्री, चांगल्या हेडफोनवर बघा. 26 भागांत लढाया मोजक्याच आहेत, माणसं जिन्यावर बसून बोलतात. ते पेलून धरतं ते युकी काजिउरा यांचं संगीत. पुढे सोर्ड आर्ट ऑनलाइनलाही त्यांनीच संगीत दिलं. एका वेळी दोनच भाग घ्या, तिसऱ्याला संवाद डोक्यावरून जायला लागतात. 26 वा झाल्यावर 'युनिसन' हा जोडभाग बघा, त्याच्या आधी नको. त्यात गेममालिकेतली पात्रं येऊन भेटतात आणि शेवट न बघता ती भेट कळत नाही.