भुरी-करप्याला दाद न देणारा आंबा घरच्या बागेत कसा तयार करावा

जानेवारीत मळभ आलं की भुरी आणि करपा या बुरशीच्या रोगांच्या धास्तीने हापूसच्या बागांत फवारणीचे पंप सुरू होतात. बांधावरच्या रायवळाला मात्र कोणी फवारत नाही, तरी त्यातलं एखादं झाड दरवर्षी लगडतंच. हापूसचा पराग ज्याच्या फुलांना लावून संकर करायचा, ते मादी झाड तिथेच शोधा.

निदान दोन हंगाम नुसतं बघा. कोणाच्या मोहोरावर भुरीची पांढरी पूड धरत नाही, पावसाळ्यात कोणाच्या कोवळ्या पालवीवर करप्याचे ठिपके कमी, हे वहीत टिपून ठेवा. गोडी, रंग हापूसकडून घ्यायचाय. पण फळ अगदीच रेषाळ असेल तर ते झाड सोडा.

खरं काम मोहोरात. आंब्याची बरीच फुलं नर असतात, त्यांना फळ धरत नाही. भिंगातून फुलाच्या मधोमध हिरवट-पिवळा गोळा आणि त्याच्या कडेने निघालेली बारीक काडी दिसली, तर ते फूल कामाचं. आदल्या संध्याकाळी उमललेली फुलं खुडून मोहोरावर मलमलीची पिशवी बांधा. सकाळी लवकर पिशवी सोडा, ताजी कामाची आठ-दहा फुलं ठेवून बाकी सगळं, कळ्यासुद्धा, काढून टाका. ठेवलेल्या फुलातला गुलाबी परागकोश फुटायच्या आत चिमट्याने उचला. तो राखी-निळसर दिसला तर उशीर झाला, ते फूल टाका. हापूसची त्याच सकाळची फुलं कागदावर कोवळ्या उन्हात ठेवा. पराग सुटला की त्या काडीच्या टोकाला हलकेच टेकवा. पुन्हा पिशवी, आणि तारीख व दोन्ही झाडांची नावं लिहिलेली चिठ्ठी. एकाच मोहोरावर शंभर फुलं करण्यापेक्षा अनेक मोहोरांवर दहा-दहा करा, कारण फळगळ कोणाला चुकलेली नाही.

पिकलेल्या फळाचा बाठा, म्हणजे कोय, सुकू न देता आठवड्याभरात पेरा. एका बाठ्यातून दोन-तीन कोंब आले तर सावध व्हा. त्यातले बरेचसे आईचीच नक्कल असतात.

रोपांवर औषध मारू नका. करप्याने भाजलेली सरळ उपटा. जीव तुटतो, पण इलाज नाही. उरलेल्यांच्या काड्या जुन्या झाडाच्या फांद्यांवर पाचर कलमाने (टोक पाचरीसारखं तासून फांदीच्या चिरेत बसवून) बांधल्या की मोहोर काही वर्षं आधी दिसतो. भुरीची परीक्षा तिथेच, कारण पालवी निरोगी म्हणजे मोहोरही निरोगी असं नसतं.

फळं आली की कापून आत साका धरलाय का ते बघा. साका हा काही बुरशीचा रोग नव्हे, फळ आतून बिघडतं, बाहेरून कळत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली रत्ना ही जात दिली, पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली सिंधू. दोन्हींत साका नाही. तुमचं झाड यातही उतरलं, तर त्याची कलमं कातळावर आणि खाडीकाठी अशी दोन्हीकडे लावून बघा. तिथेही टिकलं तर २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतःच्या नावाने वाण नोंदवता येतो.